लोकांची वेधशाळा : ज्योतिर्विद्या परिसंस्थेची आठ दशके आणि नाशिकसाठी त्यांचा अर्थ

२२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. दुसरे महायुद्ध अजून चालू होते, स्वातंत्र्याला तीन वर्षे अवकाश होता, आणि आकाश पाहण्यासाठी संस्था काढलीच पाहिजे अशी कोणतीही बाहेरची निकड त्या वर्षी नव्हती. तरीही ती निघाली आणि टिकली. हौशी खगोलनिरीक्षकांची भारतातील सर्वांत जुनी संस्था म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात तिची वेधशाळा आणि ग्रंथालय आहे. तिथले काम आपापली नोकरी, धंदा किंवा शिक्षण सांभाळणारे सभासद करतात. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की बहुधा पदाधिकाऱ्यांची नामावली, वास्तूच्या कोनशिलेची तारीख आणि देणगीदारांची यादी येते. त्यांचे मोल आहेच. या लेखात मात्र एकाच प्रश्नाचा माग घ्यायचा आहे. याच पुण्यात हिच्यापेक्षा कितीतरी मोठी दुर्बीण असलेली वेधशाळा चोवीस वर्षांत बंद झाली, कलकत्त्यात हिच्याहून नामवंत सभासदांची संस्था दशकभरात मावळली. मग ही कशी राहिली? माझे उत्तर असे आहे की लोकांची वेधशाळा टिकण्याचे कारण तिच्या भिंगात किंवा आरशात नसते. तिथे पाहायला आलेला माणूस काही काळाने दुसऱ्याला दाखवू लागतो का, यावर तिचे आयुष्य ठरते. हा निष्कर्ष नाशिकच्या कामाचा आहे, म्हणून तो पुराव्यांवर घासून पाहायला हवा.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ज्योतिर्गणितापासून करावी लागते, कारण परिसंस्था ज्या मातीत उगवली ती माती तिथे तयार झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये आला. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ग्रहगणिताचे मोठे काम केले आणि १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांच्या शक्यतेवरचा त्यांचा लेख फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत छापून आला. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’मध्ये वसंतसंपाताच्या स्थानावरून वेदकाळाचे अनुमान मांडले. ही परंपरा गणितात भक्कम होती. तिच्यातला सर्वांत गाजलेला वाद, पंचांगशुद्धीचा, मुळात एका साध्या मागणीतून उभा राहिला होता: पंचांगात लिहिलेला ग्रह आकाशात त्या जागी दिसला पाहिजे. तरीही आरंभबिंदू कोणता धरायचा यावर एकमत झाले नाही. टिळक पंचांगाने रेवतीचा झीटा पिशियम हा मंद तारा धरला, इतरांनी चित्रा धरली. दोन्हींत सुमारे चार अंशांचे अंतर पडले. म्हणूनच टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा पडून सणांत महिन्याचे अंतर होते. एवढा घरोघरी पोहोचलेला वाद. पण रेवतीचा तो मंद तारा किंवा चित्रा स्वतःच्या डोळ्यांनी ओळखू शकतील अशी माणसे दोन्ही पक्षांच्या अनुयायांत किती असतील? गणित तज्ज्ञांकडे होते, श्रद्धा लोकांकडे होती, आणि दोहोंना जोडणारे प्रत्यक्ष पाहणे फार थोड्यांच्या वाट्याला आले होते. ही पोकळी भरायला ग्रंथ पुरेसा नसतो. त्यासाठी बोट धरून तारा दाखवणारा माणूस लागतो.

दाखवण्याचे साधन पुण्यात त्याआधीच आले होते, आणि त्याचे काय झाले हा या लेखातला पहिला मोठा पुरावा. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. तिथले पदार्थविज्ञानाचे अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी इंग्लंडमधील ज्योतिर्विदांच्या सल्ल्याने या योजनेची वेधशाळा केली. ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती आणि पुढे कित्येक दशके मोठी राहिली. नायगमवाला यांनी तिचे चीज केले. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषा ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असे इंग्लिश ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर यांचे मत होते. ती रेषा स्वच्छ, रेखीव आहे, पट्ट्याची कड नव्हे, हे नायगमवाला यांनी १८९१ मध्ये पुण्याहून दाखवून दिले. ती ऑक्सिजनच्या आयनीभूत अणूंमुळे येते, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये उलगडले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर यांची तुकडी विजयदुर्गावर होती, तर नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच उतरली होती. इतकी योग्यता, इतके साधन. आणि १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले तेव्हा वेधशाळा बंद करण्यात आली, उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. २० इंची दुर्बीण तिथे १९५१ मध्ये उभी राहिली आणि पुढे लडाखमध्ये लेहला गेली. दुर्बिणीने काम केले, फक्त पुण्यात केले नाही. नायगमवाला यांच्या कर्तृत्वात काही उणे नव्हते. उणीव रचनेत होती. त्या वेधशाळेभोवती गावातला एकही असा वर्ग नव्हता, ज्याला ती बंद होणे म्हणजे आपले काही हिरावले जाणे वाटेल.

संस्था असली की एवढ्याने भागते असेही नाही. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात ‘ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया’ निघाली. सभा होत, पत्रिका निघे, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारखी माणसे तिच्याशी जोडलेली होती. तिचे प्रमुख आधार हर्बर्ट टॉमकिन्स हे मोठे सरकारी अधिकारी होते. दशकभराने ते भारतातून गेले आणि संस्था थंडावली. तिच्यात ज्ञान होते, साधने होती, शिस्त होती. पण अधिकाऱ्यांची बदली झाली की सभाच बदलून जावी, अशी तिची बांधणी होती. याच्या उलट उदाहरण त्याच बंगालमध्ये, जेसोरला आहे. राधागोविंद चंद्र हे तिथल्या सरकारी खजिन्यात कारकुनी करणारे गृहस्थ. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळा नाही. त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या तेजस्वितेची सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे केली आणि ती अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला पाठवली. त्या संघटनेने त्यांना १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. चंद्र यांनी काम थांबवल्यावर ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे आणि पुढे कावलूरच्या वेधशाळेकडे गेली. हे साधन जिवंत राहिले, कारण ते एका निरीक्षकाच्या हातून दुसऱ्या निरीक्षकाच्या हाती जात राहिले. कलकत्त्याच्या संस्थेकडे जे नव्हते ते या एकट्या कारकुनाभोवतीच्या साखळीत होते. मात्र ती साखळी सातासमुद्रापार पसरलेली होती. गावातल्या गावात अशी साखळी बांधणे हे त्याहून अवघड काम.

ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उमगते. तिने सभासदत्व सर्वांना खुले ठेवले, आणि निरीक्षण शिकवण्याचे काम सभासदांवरच सोपवले. पहिल्यांदा शनीचे कडे पाहायला आलेला शाळकरी मुलगा, खगोलशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला बसलेली महाविद्यालयीन विद्यार्थिनी, निवृत्तीनंतर जुनी हौस पुरी करायला आलेले गृहस्थ, असे सगळे एकाच दुर्बिणीमागे रांगेत उभे राहतात. त्यांतले बहुतेक एकदा पाहून घरी जातात. काही पुन्हा येतात, शहराबाहेरच्या आकाशदर्शनाला जातात, नक्षत्रे ओळखू लागतात, ग्रंथालयातली पुस्तके नेऊ लागतात. आणि त्यांतले थोडे एके दिवशी रांगेच्या दुसऱ्या टोकाला, दुर्बिणीशेजारी उभे राहून नव्या माणसाला समजावून सांगू लागतात. संस्थेचे खरे भांडवल म्हणजे हे थोडे. त्यांना पगार नाही, म्हणून ते निवृत्त होत नाहीत. त्यांची बदली झाली तर जागा भरायला रांगेत पुढचे असतात. मराठीत यासाठी लागणारी सामग्रीही तयार होत गेली. प्रा. गो. रा. परांजपे यांनी १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू केले आणि त्यांच्या ‘आकाशदर्शन ॲटलस’ने मराठी वाचकाच्या हाती आपल्या भाषेतले आकाशाचे नकाशे दिले. १९५४ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण उभे राहिले, तेही एका शाळेच्या आवारात. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिसंस्था या मोठ्या प्रवाहातला एक घाट होती. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू परत आला तेव्हा या प्रवाहाचे पीक महाराष्ट्रभर दिसले: मुंबईत खगोल मंडळ, कल्याणला आकाशमित्र अशी मंडळे उभी राहिली. १९१० च्या धूमकेतूने कलकत्त्यात जे उभे केले ते दशकभर टिकले. १९८६ च्या धूमकेतूने महाराष्ट्रात उभी केलेली मंडळे धूमकेतू गेल्यावरही काम करत राहिली. धूमकेतू तोच. फरक इतकाच की या वेळी दाखवणारी माणसे आधीपासून तयार होती आणि ती लोकांतली होती.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो आणि तो गंभीर आहे. गच्चीवरच्या लहान दुर्बिणीतून चंद्र दाखवणे म्हणजे संशोधन नव्हे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण असताना आणि जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र केंद्राची २ मीटरची दुर्बीण असताना हौशी मंडळींच्या कामाला विज्ञानाच्या हिशोबात जागा कोणती, असे विचारले जाते. त्याचे पहिले उत्तर असे की काही कामे आजही हौशी निरीक्षकच करतात. २०१९-२० च्या हिवाळ्यात काक्षी तारा अनपेक्षितपणे मंदावला तेव्हा त्याचा चढउतार टिपण्यात जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी उपयोगी पडल्या. पण या उत्तरावर सगळा भार टाकणे प्रामाणिक होणार नाही. परिसंस्थेसारख्या संस्थेचे मुख्य देणे शोधनिबंधांत मोजता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिचे देणे म्हणजे पुरावा म्हणजे काय हे ज्याला कळते असा समाज. पुणे-नाशिक रेल्वेचा प्रश्न याच ठिकाणी आपल्या दाराशी येतो. नारायणगावच्या बाजूने आखलेल्या मार्गामुळे रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांत विद्युतचुंबकीय अडथळा येईल, असा आक्षेप घेतला गेला आणि तो मार्ग बदलण्याचे ठरले. दोन जिल्ह्यांतल्या लाखो प्रवाशांच्या सोयीशी जोडलेला हा निर्णय. आकाशातून येणारे क्षीण रेडिओ तरंग पकडायला आजूबाजूचा परिसर का शांत ठेवावा लागतो, हे ज्याला कधी कोणी सांगितलेच नाही, त्याला हा निर्णय मूठभर शास्त्रज्ञांचा हट्टच वाटणार. मोठ्या वेधशाळेला लोकशाहीत टिकायचे असेल तर तिच्या आसपास ती कशासाठी आहे हे जाणणारे लोक लागतात. तख्तसिंहजी वेधशाळेला नेमके तेच लाभले नाहीत.

याच मुद्द्याला ग्रहणांचा पुरावा जोडता येतो. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण कर्नाटक-आंध्रातून गेले. महाराष्ट्रात ते खंडग्रास होते, तरी त्या दुपारी मुंबईसारख्या शहरातले रस्ते ओस पडले होते. लोक दारेखिडक्या लावून घरात बसले. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला चित्र बरेच पालटलेले होते. ग्रहणचष्मे लावून शाळांच्या मैदानांवर मुले जमली, खग्रास पट्ट्यात जायला माणसे राजस्थानात पोहोचली. मधल्या पंधरा वर्षांत दूरदर्शन घरोघर आले, हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, वर्तमानपत्रांनी लिहिले, अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीने काम केले. त्या बदलाचे श्रेय एकट्या खगोलमंडळांना देता येणार नाही. पण सुरक्षित गाळणी कशी वापरायची, दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर कशी पाडायची, हे शेजारच्या मैदानावर करून दाखवणारा माणूस कोठून आला? तो या मंडळांतून आला. दूरदर्शनने भीती कमी केली असेल. डोळा न बिघडवता सूर्याकडे पाहण्याचा धीर प्रत्यक्ष हातानेच द्यावा लागला.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. तारांगणे आहेत, नाशिक महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण तारांगण आपल्या गावातच आहे. मोबाइल आकाशाकडे धरला की ताऱ्याचे नाव पडद्यावर उमटते. आयुकाने विद्यार्थ्यांसाठी मुक्तांगण विज्ञानशोधिका चालवली आहे. मग हौशी वेधशाळेची गरज उरली का? तारांगणाचे काम मोठे आहे: ढगाळ रात्रीही, भर दुपारीही ते आकाश समजावते, ताऱ्यांची वर्षभराची चाल काही मिनिटांत दाखवते. पण तिथे प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो आणि आकाश तयार होऊन समोर येते. दुर्बिणीपाशी त्याला स्वतःच डोळा लावावा लागतो, चित्र थरथरते, गुरूचे चार उपग्रह एका रेषेत दिसतात आणि दुसऱ्या रात्री त्यांची जागा बदललेली असते. ती बदललेली जागा कागदावर टिपली की मुलाच्या हातून निरीक्षण घडते. मोबाइल नाव सांगतो. नाव कळल्यावर पुढे काय पाहायचे आणि काय लिहून ठेवायचे, हे शिकवायला माणूस लागतो. म्हणून तारांगण आणि हौशी वेधशाळा यांत स्पर्धा नाही. तारांगणातून बाहेर पडलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी खरे आकाश दाखवणारी मंडळी दारात असतील, तर दोघांचेही काम पुरे होते.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि टिकाऊपणाचा आहे. स्वयंसेवक थकतात, घरसंसारात अडकतात, गाव सोडून जातात. शास्त्राचे काम सरकारने किंवा धनिकांनी कायमचा निधी देऊन उभे करावे, असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी आपल्याच विभागातली, चाळीसगावजवळच्या पाटणची कथा आठवावी. तिथल्या शिलालेखात शके ११२८ मधील दान नोंदलेले आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातल्या इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने चंद्रग्रहणाच्या वेळी, लोकांसमक्ष त्याला दान दिले. लेखाच्या शेवटच्या जुन्या मराठीतील भागात बाजारातल्या खरेदी-विक्रीवरचा वाटा, पोफळी, घाण्याचे तेल असे मठाला मिळणारे लहानलहान हक्क मोजून लिहिले आहेत, आणि त्यांत नगरानेही आपला वाटा दिल्याची नोंद आहे. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख जगापुढे आणला. खगोलगणिताच्या एका अध्ययनसंस्थेला राजाने, विद्वानांनी आणि बाजाराने मिळून पोसल्याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच सापडतो. निधी होता, राजाश्रय होता, जनतेचा वाटाही होता. मठ मात्र राहिला नाही. राजकीय उलथापालथ हे त्याचे एक कारण असणारच. पण रचनेकडे पाहिले तर तेल देणारा आणि ग्रंथ वाचणारा हे दोन वेगळे लोक होते. देणाऱ्याला शिकण्याची वाट त्यात नव्हती. निधीने संस्था सुरू होते, वाईट वर्षी तिला आधारही मिळतो. मात्र निधी संपल्यावर तिला पुन्हा उभे करणारी माणसे हवी असतील तर ती देणगीदारांच्या यादीतून येत नाहीत, शिकलेल्यांच्या यादीतून येतात. स्वयंसेवक थकतात हे खरेच आहे. म्हणूनच एक थकण्याआधी तीन तयार होतील अशी रीत संस्थेत असावी लागते. परिसंस्थेची आठ दशके ही त्या रीतीची साक्ष आहे.

चौथा आक्षेप शहराच्या उजेडाचा. टिळक रस्त्यावर आज आकाशगंगा दिसत नाही आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरही दिसत नाही. ही खरी हानी आहे आणि ती थोपवण्यासाठी लढले पाहिजे. पण शहरातली दुर्बीण त्याने निरुपयोगी होत नाही. चंद्राची विवरे, गुरूचे पट्टे, शनीचे कडे, जोडतारे, दिवसा गाळणीतून दिसणारे सूर्यावरचे डाग, हे सगळे शहरी उजेडातही दिसते. आणि नवख्याच्या मनाची पकड घेणारे दृश्य बहुधा याच यादीत असते. मंद तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्यासाठी गावाबाहेर जावे लागते, आणि तिथे नाशिकला त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगरपट्ट्याचा आधार आहे. शिवाय काळोख राखायचा असेल तर त्याची किंमत ओळखणारे लोक आधी तयार व्हावे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातले पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. लडाखमध्ये हान्ले येथे तर गावकऱ्यांनाच दुर्बिणी आणि प्रशिक्षण देऊन पाहुण्यांना आकाश दाखवण्याचे काम सोपवले आहे. काळोख वाचवण्याचे हे दोन्ही प्रयोग एकाच गोष्टीवर उभे आहेत: स्थानिक माणूस आकाशाचा जाणकार झाला की दिवा कुठे आणि कसा लावायचा, हा प्रश्न तो स्वतःच विचारू लागतो.

आता नाशिककडे वळू. आपल्या शहराचा सर्वांत मोठा सोहळा एका ग्रहाच्या चालीवर ठरतो. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून सिंहस्थ ढोबळपणे बारा वर्षांनी येतो, आणि सात फेऱ्या ८४ ऐवजी सुमारे ८३ वर्षांतच पुऱ्या होतात. २०१५ नंतरच्या सिंहस्थाच्या मुख्य स्नानांचे वर्ष २०२७. श्रावण-भाद्रपदातल्या मुख्य स्नानांच्या वेळी सूर्यही सिंहेतच असतो, त्यामुळे ज्याच्या निमित्ताने लाखो भाविक गोदाकाठी येतात तो गुरू त्या दिवसांत सूर्याच्या तेजात लपलेला असतो. पण गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच गुरू संध्याकाळी पूर्वेला उगवून रात्रभर आकाशात असेल. एवढे साधे खगोल नाशिकच्या प्रत्येक शाळेतल्या मुलाला ठाऊक असायला हवे आणि तो ग्रह त्याने दुर्बिणीतून पाहिलेला असायला हवा. यात श्रद्धेला धक्का लागण्याचे काही कारण नाही. पंचांगातला ग्रह आकाशात दाखवा, हा आग्रह धरणारे आपले पंचांगकर्ते स्वतः धार्मिकच होते.

दुसरे बळ नाशिकपाशी आधीपासून आहे. १८४० मध्ये सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय सभासदांच्या बळावर आजवर चालले आहे. वाचकांतूनच कार्यकर्ते निघतात, ही परिसंस्थेत दिसणारी रीत नाशिकने पुस्तकांच्या बाबतीत तिच्या कितीतरी आधी अंगी बाणवली. आणि डिसेंबर २०२१ मध्ये इथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर यांची निवड झाली होती. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तरी आकाशाचा अभ्यासक मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठाचा मानकरी ठरला तो नाशिकमध्ये. नारळीकर यांनी आयुष्यभर विश्वरचनेवर संशोधन केले आणि तितक्याच नेमाने मराठी मुलांसाठी लिहिले. त्या सन्मानाला साजेशी पुढची पायरी म्हणजे नाशिककरांनी स्वतः चालवलेली, सर्वांना खुली वेधशाळा.

ती उभी करताना परिसंस्थेचा अनुभव आणि बंद पडलेल्या संस्थांचे अनुभव एकत्र ठेवले तर कामाचा क्रम आपोआप लागतो. घुमट आणि मोठी दुर्बीण शेवटी यावी. आधी ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, एका साध्या दुर्बिणीसह आकाशदर्शन सुरू व्हावे आणि पाऊस-ढगांखेरीज ते चुकू नये. वर्षातून एकदा प्राथमिक वर्ग मराठीतून व्हावा आणि तो पुरा करणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या वर्षी निदान एका संध्याकाळी दुसऱ्याला शिकवण्याची जबाबदारी घ्यावी. निरीक्षणांची वही असावी, तिच्यात पाहणाऱ्याचे नाव, वेळ आणि काय दिसले हे लिहिले जावे, आणि ती वही कोणालाही उघडून पाहता यावी. मुलींनी आणि गावाबाहेरच्या शाळांनी यावे यासाठी वेळ आणि वाहनाची सोय आधी पाहावी, नाहीतर रात्रीचे काम थोड्याच लोकांचे होऊन बसते. पदाधिकारी ठराविक मुदतीने बदलावेत, कारण एका कर्तबगार माणसाभोवती फिरणारी संस्था त्याच्याबरोबरच संपते, हे नायगमवाला आणि टॉमकिन्स यांच्या संस्थांनी दाखवले आहे. पालिकेकडून, कारखानदारांकडून देणगी जरूर घ्यावी. पण वर्षअखेरीच्या अहवालाचे पहिले पान जमाखर्चाचे नसावे. या वर्षी पाहणाऱ्यांतले किती जण दाखवू लागले, हा आकडा तिथे असावा. तो वाढत असेल तर इमारत उशिरा झाली तरी चालेल. तो शून्य असेल तर घुमट कितीही मोठा बांधला तरी ती वेधशाळा फार वर्षे चालणार नाही, आणि हे ओळखायला आपल्याला पुण्यासारखी चोवीस वर्षे वाट पाहण्याची गरज नाही.